शकूला सांगायचं राहिलं

वाईट बातमी सांगायचं काम एकनाथ मासाळला देऊ नये, हे त्याच्या कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. एकदा एका कारकुनाची बदली लांबच्या तालुक्याला झाली. बायकोचे दिवस भरत आलेले, म्हणून साहेब म्हणाले, "मासाळ, तुम्ही जरा समजुतीनं सांगा." एकनाथ गेला, चहा प्याला, इकडच्या तिकडच्या गप्पा हाणल्या आणि परत आला. काय सांगितलंत म्हणून विचारलं तर म्हणतो कसा, "हवापालट होण्याची शक्यता आहे, एवढं कानावर घातलंय." अहो, हवापालट! त्या बिचाऱ्याच्या हातात कागद पडला तेव्हा त्याला उमगलं. कचेरी पोट धरधरून हसली आणि एकनाथही त्यांच्यात हसला.

माणूस लबाड होता का? छे हो! समोरच्याचं तोंड उतरलेलं त्याला बघवत नसे, एवढंच. पण हीच खोड त्याच्या पाठच्या बहिणीला नडली, तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

बहिणीचं नाव शकुंतला, म्हणजे शकू. मंगळवेढ्याला दिलेली. नवरा भीमाशंकर, ज्वारीचं चांगलं रान आणि एसटी स्टँडजवळ किराणा दुकान, खाऊनपिऊन सुखी. लहानपणी शाळेत ही शकू एकनाथपेक्षा हुशार. पण एकनाथला सोलापूरला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा घरातलं काम बघायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी कोण असणार हे विचारायची त्या काळी पद्धत नव्हती. शकूची शाळा सातवीत सुटली. पुढची सगळी वर्षं ती पहाटे उठून भाकरी थापायची, पिठलं नाहीतर शेंगाची चटणी घालून डबा बांधायची आणि सोलापूर गाडीच्या ड्रायव्हरजवळ द्यायची. एकनाथ स्टँडवर जाऊन तो डबा उतरवून घ्यायचा. त्या डब्यावर त्याचं बी.कॉम. झालं, नोकरी लागली, शुक्रवार पेठेत दोन खोल्यांचं का होईना घर झालं.

म्हणूनच शकूचा मुलगा उदयसिंह दहावीला बरे मार्क घेऊन पास झाला आणि ती त्याला घेऊन एकनाथच्या दारात उभी राहिली, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. एका हातात पोराची बॅग, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी, रिक्षात ज्वारीचं पोतं. एकनाथची एकुलती लेक लग्न होऊन गेलेली, घर तसं मोकळंच होतं. बायको इंद्रायणीनं पाणी आणून दिलं. शकू पाणी प्याली आणि म्हणाली, "दादा, सायन्सला घातलंय त्येला. माझं जे ऱ्हायलं ते ह्येचं होऊ दे. आता तुझ्या वटीत टाकलाय."

"तू निर्धास्त जा की," एकनाथ म्हणाला. "दोन वर्षात बघ काय करून दावतो."

आता पोराबद्दल सांगायचं तर पोरगं वाईट नव्हतं हो! सिलिंडर खांद्यावर टाकून वर आणणार. शेजारच्या मल्लव्वा आजीच्या डोळ्यांत रोज थेंब घालणार. इंद्रायणीला कांदे सोलून देणार. तोंडात उलट शब्द नाही. पण पुस्तक उघडलं की त्याच्यातला जीवच कुणी काढून घेतल्यासारखं व्हायचं. मोबाईलचा नाद म्हणावा, तर तो मोबाईल टेबलावर तसाच पडलेला. क्रिकेट म्हणावं, तर तेही नाही. पोरीबिरींची भानगड म्हणावी, तर गल्लीतल्या पोरी त्याला दादा म्हणत. नुसता पानाकडं बघत बसायचा. पंख्याचा वारा पान उलटायचा, तर हा उलटलेल्या पानाकडं बघायचा. "उदय, चाललाय ना अभ्यास?" विचारलं की, "व्हय मामा, चाललाय की." घरात त्याला उद्या म्हणत, आणि इंद्रायणी वैतागली की म्हणायची, "नाव बरोब्बर ठेवलंय, सगळं उद्याच!"

एकनाथनं मात्र कंबर कसली. पहाटे हा उठून चहा करणार, भिजवलेले बदाम सोलून बशीत ठेवणार, मग पोराला हलवणार. स्कूटरवरून क्लासला सोडणार, क्लासवरून अभ्यासिकेत नेऊन बसवणार. टीव्हीचं कनेक्शन तोडलं. पाहुण्यांना सांगितलं, दोन वर्षं आमच्याकडं येऊ नका. नात्यातल्या लग्नाला एकटी इंद्रायणी जायची आणि आहेर करून परत यायची. एवढ्यावर भागेना, तेव्हा हा कॉमर्सचा माणूस पन्नाशीत फिजिक्स शिकायला लागला. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत पुस्तक काढून बसायचा. शिपाई कोंडीबाला भिंगातून प्रतिमा उलटी का दिसते ते समजावून सांगायचा आणि कोंडीबा बिचारा डबा खाता खाता मान डोलवायचा. शेवटी अशी गत झाली की क्लासची चाचणी मामानं दिली असती तर मामा पास झाला असता.

भाचा मात्र होत नव्हता. चाचणीचे मार्क पालकांच्या मोबाईलवर येत, आणि पालक म्हणून नंबर एकनाथचा दिलेला. पहिले मार्क आले तेव्हा त्याला वाटलं, क्लासवाल्यांची चूक झाली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, पोरगं नवीन आहे, रुळेल. तिसऱ्यांदा तो कचेरीच्या स्टँडमध्ये स्कूटरवर तसाच बसून राहिला.

दर रविवारी शकूचा फोन यायचा. "कसा चाललाय रे अभ्यास?"

"झकास! बसतो की टेबलाला, हलत न्हाय." हे काही खोटं नव्हतं. पोरगं टेबलाला बसत होतं, आणि हलतही नव्हतं.

"मार्क काय पडत्यात?"

"अगं, सुरुवातीला जरा कमी असतात सगळ्यांचेच. चढत चाललेत." हे मात्र खोटं होतं. उदय तिथंच जमिनीवर बसून चपाती खात होता. त्यानं मान वर करून मामाकडं बघितलं आणि परत ताटात घातली.

इंद्रायणी स्पष्ट बोलणारी बाई. ती म्हणाली, "अहो, खरं सांगून टाका वन्संना. पोराला ते झेपत नाही. वर्ष गेलं तरी चालेल, आर्ट्सला घाला, कॉमर्सला घाला. जगबुडी होत नाही."

"सांगतो की. दिवाळीला जाणारच आहे भाऊबीजेला. समोर बसून सांगतो. फोनवर कसं सांगायचं?"

आणि खरंच त्याच्या मनात होतं हो सांगायचं. भाऊबीजेच्या सकाळी मामा-भाचे मंगळवेढ्याच्या एसटीत बसले. पिशवीत शकूसाठी साडी. गाडी शहराबाहेर पडली, तसा कधी आपणहून तोंड न उघडणारा उदय खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "मामा, मला न्हाय जमायचं हे. मी लई बघितलं करून. बसतो, पर डोक्यातच शिरत न्हाय, आन् शिरावं असं बी वाटत न्हाय. मला दुसरीकडं कुटं बी घाला. आईला तुमी सांगा. माझं ती ऐकायची न्हाय, तुमचा शब्द ती खाली पडू देत न्हाय."

एकनाथनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आजच सांगतो. तू काळजी सोड."

पोरगं इतकं खूश झालं की पुढच्या स्टँडवर उतरून मामासाठी गरम भजी घेऊन आलं.

शकूचं घर दिवाळीनं भरलेलं. नणंद आलेली, जाऊ आलेली, शेजारपाजारच्या बायका डोकावून जात होत्या. पाट मांडला, रांगोळी काढली, एकनाथ टोपी घालून बसला. शकूनं कुंकू लावलं, सुपारी-अंगठीनं ओवाळलं, निरांजन फिरवलं. एकनाथनं ताटात घालायला साडी उचलली, तर शकूनं ताटावर हात आडवा धरला.

"औंदा साडी नगं मला," ती म्हणाली. डोळे भरलेले. "ओवाळणी मागती, ती दे. माझ्या पोराला डॉक्टर करतो म्हण."

दाराच्या चौकटीला टेकून उदय उभा होता, मामाकडं बघत. बहिणीच्या ताटावरून रिकामा हात मागं घ्यायचा नसतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. जीव गेला तरी नाही. एकनाथच्या घशाशी शब्द आले होते, खरे, साधे चार शब्द. पण समोर निरांजन, समोर शकूचं तोंड, ताटावर तिचा भाकरी थापून घट्टे पडलेला हात.

"करतो," एकनाथ म्हणाला. "डॉक्टर करून तुझ्या पुढ्यात उभा करतो."

शकूनं हात काढला, आणि वर साडीही घेतली. बायका हसल्या, कुणीतरी म्हणालं, भाऊ असावा तर असा. एकनाथनं दाराकडं बघितलं, तर उदय तिथं नव्हता.

परतीच्या गाडीत एकनाथ म्हणाला, "अरे, ओवाळायच्या वक्ताला कसं सांगायचं? सणाच्या दिवशी? सवडीनं सांगू की."

"व्हय मामा," उदय म्हणाला.

पोरगं त्यानंतर मामाशी एका शब्दानं बोललं नाही ह्या विषयावर. चिडचिड नाही, रुसवा नाही, काही नाही. चाचणीला जायचा, कोरा पेपर देऊन यायचा, घरी येऊन मल्लव्वा आजीच्या डोळ्यांत थेंब घालायचा. अकरावी कशीबशी ढकलली. बारावीचं वर्ष उजाडलं. एकनाथ आणखी लवकर उठायला लागला, आणखी बदाम सोलायला लागला. अरे बाबा, बदामानं होणार होतं का ते? पण त्याला वाटायचं, आपण जीव तोडून केलं तर पोराच्या मनात कधीतरी ठिणगी पडेल. पोरगं उठलं की आपला ताटातला शब्द खरा होईल, आणि मग शकूला काही सांगायची वेळच येणार नाही. आपल्या जिभेचं ओझं त्यानं पोराच्या पाठीवर टाकलं होतं, हे त्याला आज कळतं. तेव्हा कळलं असतं तर! इंद्रायणी तेव्हाच म्हणाली होती, पण तिचं ऐकतो कोण.

रविवारचे फोन चालूच होते. "मस्त चाललाय." "सर म्हणत होते, पोरगं शांत आहे." "तू देवाला नारळ बोलून ठेव, बाकी माझ्यावर सोड."

बोर्डाची परीक्षा आली. प्रत्येक पेपराला एकनाथ रजा टाकून केंद्राबाहेर लिंबाखाली पाण्याची बाटली घेऊन बसायचा. उदय बाहेर यायचा. "कसा गेला?" "बरा गेला मामा." आणि एकनाथ लगेच शकूला फोन लावायचा, "बरा गेला म्हणतोय." पोरगं म्हणतच होतं तसं, म्हणजे हे आपलं खोटं नाही, असा हिशेब तो मनाशी मांडायचा.

निकाल लागला त्या दुपारी त्यानं कचेरीच्या कॉम्प्युटरवर बघितला. मराठी, इंग्रजी आणि बायोलॉजीत काठावर पास. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, तिन्ही गेले होते. कोंडीबानं खुर्ची पुढं केली, पाणी आणलं. एकनाथ घरी आला तेव्हा उदय स्वयंपाकघरात कांदे सोलत बसला होता.

"लागला का मामा?"

"लागला."

"मग सांगा की."

"अरे, जुलैत परत असते परीक्षा. पुष्कळ मुलं..."

"मामा, नापास म्हणा की," उदय शांतपणे म्हणाला. "मला ठावं हाय. एकदा म्हणा तरी."

एकनाथ खाली पडलेली कांद्याची सालं गोळा करायला लागला. पोरानं सोललेला कांदा ताटलीत ठेवला आणि दुसरा घेतला. इंद्रायणीनं पदर डोळ्याला लावला, कांद्याचं निमित्त होतंच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मामा-भाचे मंगळवेढ्याला गेले. वाटेत एकनाथ एकच घोकत होता, ह्या खेपेला सरळ सांगायचं. उदय घरात न शिरता बापाकडं दुकानात गेला. शकू परसात सुपानं ज्वारी पाखडत बसली होती. भावाला बघून उठायला लागली, तर एकनाथनं तिला खाली बसवलं आणि जन्मात पहिल्यांदा आडवळण न घेता बोलला.

"शकू, उदय नापास झाला. त्याला ते जमत नव्हतं. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी तुला खोटं सांगत आलो."

त्याला वाटलं, ती रडेल, शिव्या देईल, सूप फेकून मारेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण ती अगदी हळू म्हणाली, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"संक्रांतीला त्यो आला हुता की न्हाय हितं?" शकू म्हणाली. "त्या तितं पायरीवर बसला हुता. म्हणला, आई, मला काय बी येत न्हाय, मी नापास हुनार, मामा तुला खोटं सांगतो. दादा, मी त्येच्या मुस्काटात मारली रं. एवढ्या थोरल्या पोराच्या. म्हणलं, ज्येच्या घरात खातोस त्येच्यावर आळ घेतोस व्हय? माझा भाऊ माझ्याशी जन्मात खोटं बोलला न्हाय. अभ्यास चुकवायला सोंगं आणतोस?"

एकनाथनं पायरीकडं बघितलं.

"तरी बी मला चैन पडंना. म्हणून मी तुला फोन केला. आठवतंय का? म्हणलं, दादा, खरं सांग, पोराचं काय हाय? तू काय म्हणलास?"

आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता. संक्रांतीचा दिवस, तिळगूळ खात तो कॉटवर बसला होता. "अगं, परीक्षा तोंडावर आली की पोरं अशीच घाबरतात," तो म्हणाला होता. "काहीतरी कारणं काढतात. तू मनावर घेऊ नको, पोरगं पहिल्या नंबरात येतंय बघ."

"त्यो फोन मी स्पीकरवर मोठ्यानं लावला हुता," शकू म्हणाली. "त्येला म्होरं बसवून. म्हणलं, आईक तुझा मामा काय म्हणतोय ते."

शकूनं सूप उचललं, दोन झटके दिले आणि परत खाली ठेवलं. "तवापास्नं माझ्याशी बोलत न्हाय त्यो. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असंल."

ह्याला आता वर्ष होऊन गेलं. उदय सांगोल्याला डाळिंबाच्या पॅकिंगला लागलाय. फळं निवडायची, आकार बघून खोक्यात भरायची. तिथंही फार जीव लावून करतो असं नाही, पण करतो. त्याला खरोखर काय हवं होतं, हे कुणालाच ठाऊक नाही. कदाचित त्यालाही नसेल. सतरा वर्षांच्या पोराला काही नकोसं वाटत असेल तर ते घरात बोलून दाखवता यावं, एवढंच त्याला त्या वेळी लागत होतं. सणासुदीला घरी येतो, बापाशी पावसापाण्याचं बोलतो, आईनं वाढलेलं जेवतो आणि जातो. तिच्याशी अक्षर नाही.

पण मामाला फोन करतो. आता बोला! ज्यानं घात केला त्यालाच फोन. परवा एकनाथनं धीर करून विचारलं, "उदय, माझ्यावर राग न्हाय का रे तुझा?"

पलीकडं खोकी आपटल्याचे आवाज येत होते. "तुमच्यावर काय राग धरायचा मामा," उदय म्हणाला. "तुमी तसंच हाय, सगळ्यांला ठावं हाय. पर आईनं मला वळखायला पायजे हुतं."

रविवारी शकूचा फोन आला. भाजीपाल्याचं झालं, भीमाशंकरच्या गुडघ्याचं झालं. मग तिनं विचारलं, "उद्याचा फोन आला हुता का रं? माझं काय म्हणला?"

"तुझं? काय न्हाय गं," एकनाथ म्हणाला. "बरा हाय. आईला सांभाळा म्हणत होता."

स्वयंपाकघरातून इंद्रायणी बाहेर आली आणि नवऱ्याकडं बघत उभी राहिली.

"दादा," शकू म्हणाली, "खरं सांग."

एकनाथनं डोळे मिटले आणि पोराचं बोलणं होतं तसं, एक शब्द गोड न करता, तिला सांगितलं.

"बरोबर हाय त्येचं," शकू म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.